केशरंजनाच्या जुन्या कृती व शाईचीं सुटीं पानें

जालना शहराच्या कडेस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत आहे, तिची ख्याति पोलादी सळयांमुळें सर्वत्र झाली आहे. जुनें भंगार वितळवून त्याच्या सळया ओढणें हा तेथील एक मोठा धंदा होय. भंगारांत काय नसतें? मोडकीं यंत्रें, गंजलेले पत्रे, खिळे, आणि त्यांबरोबरच घराघरांतून टाकलेल्या लोखंडी कढया व तवे. इतिहाससंशोधकानें या भट्ट्यांकडे पाहण्याचें कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज उद्भवेल. त्याचें उत्तर असें कीं, जी लोखंडी कढई आपण आज भंगारांत टाकतों, ती केस काळे करण्याच्या एका फार जुन्या विद्येची साक्षीदार आहे. त्याच विद्येचा दुसरा साक्षीदार म्हणजे वैद्यांच्या व लेखनिकांच्या बाडांतील कृतींचें सुटें पान. तेंहि रद्दीच्या वाटेनें नाहींसें होत आहे. या दोन साक्षीदारांची गांठ घालून देणें, आणि अशीं पानें हातीं आलीं असतां तीं कशीं वाचावीं याविषयीं कांहीं सुचविणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयाचा मार्ग आमच्या आधीं एका थोर संशोधकानें मोकळा करून ठेविला आहे, हें प्रथमच नमूद केलें पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) हे १९१९ पासून त्या संस्थेंतील हस्तलिखितांची निगा राखीत होते. शेंकडों पोथ्या हाताखालून जात असतां, इतरांस क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचा इतिहास त्यांनीं जुळविला. शाई, मेंदी, पानसुपारी असे विषय त्यांच्या लेखणींतून सुटले नाहींत. कुचा येथें १८९० सालीं लेफ्टनंट बॉवर यांस मिळालेल्या भूर्जपत्रांच्या पोथींत ‘नावनीतक’ नांवाचा वैद्यकग्रंथ आहे. त्यांतील केस रंगविण्याच्या कृती आणि पुढील काळांतील शाई करण्याच्या कृती यांचें निकट साम्य गोडे यांनीं दाखवून दिलें. आम्ही येथें त्यांच्या या निष्कर्षापासूनच आरंभ करतों. परंतु आमचा प्रश्न थोडा निराळा आहे. केस व कागद यांच्यासाठीं सामग्री जवळजवळ एकच असतां, दोन्ही विद्या भिन्न कां राहिल्या, आणि सुट्या पानावरून त्या ओळखाव्या कशा?

तत्पूर्वीं प्रदेशाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. परंतु त्याची भूमि फार जुनी आहे. जालन्याच्या उत्तरेस केळणा नदीच्या कांठीं भोकरदन हें गांव आहे. प्राचीन लेखांतील भोगवर्धन तें हेंच. नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांच्या वतीनें १९७३ सालीं तेथें उत्खनन झालें. तेथें सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचें पाँपेई येथील हस्तिदंती प्रतिमेशीं लक्षांत येण्याजोगें साम्य आहे. पाँपेईची प्रतिमा १९३८ सालीं उजेडांत आली. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं तें नगर गाडलें गेलें, म्हणजे प्रतिमा त्यापूर्वींची, हें उघडच आहे. तिच्या दोन्ही बाजूंस दोन दासी असून त्यांच्या हातीं प्रसाधनाचीं पात्रें आहेत. तिचें मूळ भोकरदनच्या कारागिरांकडे असावें असें कित्येक विद्वानांचें मत आहे. तें मत कोणास मान्य होवो वा न होवो, सातवाहनकाळीं या भागांतील धनिक समाजांत प्रसाधन ही एक सुप्रतिष्ठित कला होती, एवढें भोकरदनच्या प्रतिमेवरून निश्चित होतें. याच प्रदेशाला लागून असलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांतहि दासींच्या घोळक्यांत आरसा हातीं घेऊन शृंगार करणारी राजस्त्री चितारलेली आहे.

त्या चित्रांतील केशकलापाचा काळा रंग काजळाचा आहे. भिंतीवर काजळ टिकतें, कागदावर डिंकाच्या आधारानें टिकतें. केसांवर मात्र तें टिकत नाहीं. काजळाचे कण केसाच्या आंत शिरत नाहींत. ते वर बसतात, आणि पहिल्याच स्नानांत पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून केस काळे करूं पाहणाऱ्याला काजळ सोडून दुसरा काळा रंग शोधावा लागला. तो त्यास दोन ठिकाणीं सांपडला. एक, लोखंड व तुरट फळें यांच्या संयोगांत. दुसरा, निळीच्या पानांत. आमच्या प्राचीन ग्रंथांतील केशरंजनाच्या बहुतेक कृती या दोन मूळ प्रवाहांत, किंवा त्या दोहोंच्या संगमांत, बसवितां येतात.

पहिल्या प्रवाहाचें अत्यंत स्पष्ट उदाहरण वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत आहे. सहाव्या शतकांतील हा ज्योतिषी सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणाचा आरंभच पांढऱ्या केसांपासून करतो. कारण डोकें पांढरें असतां माळा, गंध, वस्त्रें व अलंकार यांची शोभा फुकट जाते, असें त्याचें म्हणणें आहे. त्यानें दिलेली कृति थोडक्यांत अशी: हरकाचे तांदूळ लोखंडाच्या चूर्णासह आंबट द्रवांत लोखंडी पात्रांत शिजवावे, बारीक वाटावे, आंबट द्रवानें भिजविलेल्या डोक्यास लावावे व वर पानें गुंडाळावीं. दोन प्रहर गेल्यावर तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हां पानें गुंडाळून दोन प्रहर थांबावें, आणि मग धुवावें. म्हणजे डोकें काळें होतें. त्यापुढें लोखंडाचा व आंबटाचा वास घालविण्यासाठीं शिरःस्नान व सुगंधी तेलें सांगितलीं आहेत. एक प्रहर तीन तासांचा, म्हणजे एकंदर बारा तासांचें हें काम झालें.

या कृतींत मंत्रतंत्र कांहीं नाहीं, रंगाऱ्याची विद्या मात्र पुरेपूर आहे. आंबट द्रवांत लोखंड शिजविलें म्हणजे त्याचा कांहीं अंश विरघळून क्षाररूप होतो. हा क्षार जवळजवळ बिनरंगी असतो व केसांत मुरतो. मागून आवळ्यांतील तुरट द्रव्य, ज्यास आधुनिक रसायनशास्त्र टॅनिन म्हणतें, तें येऊन त्यास मिळतें. हवेचा संस्कार होतो, आणि पाण्यांत न विरघळणारा काळा रंग केसांतच तयार होतो. येथें क्रमाचें महत्त्व वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. लोखंड व आवळा भांड्यांतच एकत्र केले तर काळा रंग भांड्यांतच बनेल, आणि काजळाप्रमाणें केसांच्या वर वर बसेल. दोन लेप आणि त्यांच्यामध्यें दोन प्रहरांचें अंतर ही या कृतीची खरी किल्ली होय. कापड रंगविणारे आमचे रंगारी हिरड्याच्या पाण्यांत कापड बुडवून मग त्यावर लोखंडाचें पाणी देतात, तें याच तत्त्वावर. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यांत आंबवून तें पाणी ते तयार करतात. क्रम उलटा असला तरी दोन पायऱ्या तेथेंहि आहेतच.

दुसरा प्रवाह निळीचा. शार्ङ्गधरसंहितेंत लेपांच्या प्रकरणीं त्रिफळा, निळीचीं पानें, लोहचूर्ण व माका हीं समभाग घेऊन मेंढीच्या मूत्रांत कालविण्यास सांगितलें आहे, आणि केस काळे करण्यास हा उत्तम योग म्हटला आहे. येथें दोन्ही प्रवाह एका वाटींत आले. त्रिफळा व लोखंड हा पहिला प्रवाह, नीळ हा दुसरा. माक्याचा रस चोळतां चोळतांच काळवंडतो, हें ज्यानें तो वाटला आहे त्यास ठाऊकच असेल. मूत्राचें प्रयोजन काय, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. आमचा तर्क असा आहे कीं, मूत्र शिळें झालें म्हणजे क्षारधर्मी होतें, आणि निळीच्या कामास क्षार उपकारक असतो. जगांत अनेक ठिकाणीं निळीच्या पिंपांत मूत्र वापरीत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आंबट द्रव लोखंडासाठीं आणि क्षारधर्मी द्रव निळीसाठीं, हा भेद ग्रंथकारांनीं शब्दांत सांगितला नसला तरी त्यांच्या कृतींत तो पाळलेला दिसतो.

आतां मेंदीविषयीं. आज केस रंगविणें म्हटलें कीं प्रथम मेंदीचेंच नांव निघतें, त्यामुळें ती या विद्येचा मूळ पाया असावी असा समज सहज होतो. परंतु वर दिलेल्या दोन्ही कृतींत मेंदी नाहीं. सुश्रुतसंहितेंत येणारा ‘मदयंतिका’ हा शब्द मेंदीचा कीं मोगऱ्याच्या जातीच्या वेलीचा, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. म्हणून एखाद्या पानावर केवळ हा शब्द आढळला तर त्यावरून मेंदीचें प्राचीनत्व सिद्ध झालें असें मानूं नये, अशी आमची सूचना आहे. या मतभेदाचें कारण वस्तूच्या गुणांतहि आहे. मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य केसाशीं घट्ट जडतें हें खरें, पण त्याचा रंग तांबूस. काळ्या केसावर तो फारसा दिसत नाहीं, पांढऱ्यावर मात्र भगवा उमटतो. म्हणजे ज्याचें डोकें निम्में काळें व निम्में पांढरें, त्याचें डोकें मेंदीनें निम्में काळें व निम्में तांबडें होतें. दोष झांकण्याऐवजीं तो ठळक होतो.

येथें या सर्व विद्येचें मर्म आहे. काळ्या केसांच्या लोकांस केसांचा रंग बदलावयाचा नव्हता. त्यांस तो सारखा करावयाचा होता. केस एकदम पांढरे होत नाहींत. प्रथम कानशिलांवरचे, मग भांगाजवळचे, असे विरळ विरळ पांढरे होतात. आणि लांब केसांचीं टोंकें उन्हानें व धुण्यानें मूळच्या काळेपणापासून उतरून पिंगट दिसूं लागतात. वनस्पतीचा रंग असलेला काळेपणा घालवूं शकत नाहीं; तो उणें असेल तेथें भर घालतो, एवढेंच. म्हणून पांढरें, पिंगट व काळें या तिहींस एका पातळीवर आणणें हें काम त्यास साधतें, आणि तेंच ग्रंथकारांस अभिप्रेत होतें. मेंदीचा उपयोग या कामीं करावयाचा तर तिच्यामागून नीळ दिली पाहिजे. प्रथम मेंदी कांहीं तास ठेवून धुवावी. मग निळीच्या पानांचें पीठ कोमट पाण्यांत ताजें कालवून तासदोनतास लावावें. निळीचा रंग भिजविल्यावर लौकर प्रकट होतो व लौकरच वांया जातो, म्हणून तें पीठ मेंदीप्रमाणें रात्रभर भिजवून चालत नाहीं. धुतल्यावर केस प्रथम हिरवट दिसले तरी एकदोन दिवसांत हवेनें रंग गडद होतो. तांबड्यावर निळा चढून जो काळसर रंग येतो, तो मूळच्या काळ्या केसांत मिसळून जातो. म्हणजे वराहमिहिराच्या दोन लेपांची रीति येथेंहि निराळ्या कारणानें पुन्हां दिसते. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळें मुळांशीं पांढरेपण पुन्हां डोकावतें, आणि दोन लेपांचें हें कार्य वारंवार करावें लागतें.

आतां कढईकडे वळूं. जालन्यांत काय, किंवा महाराष्ट्रांत अन्यत्र काय, कित्येक घरांतून मेंदी आजहि लोखंडी कढईंत रात्रभर भिजविण्याची चाल आहे. तींत चहाचें पाणी घालतात, कोणी काथ, कोणी आवळ्याचें चूर्ण, कोणी लिंबू अथवा दहीं घालतात. विचारलें तर ‘रंग चांगला चढतो’ एवढेंच उत्तर मिळतें. परंतु या सामग्रीकडे वराहमिहिराची कृति शेजारीं ठेवून पाहावें. लोखंडी पात्र आहे, आंबट द्रव आहे, तुरट द्रव्य आहे, आवळाहि आहे. मेंदी आणि चहा हे मागून आलेले पाहुणे. घर मात्र जुनेंच. ग्रंथ न वाचलेल्या स्वयंपाकघरांत लोखंडाचा हा संस्कार टिकून राहिला, ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि ताम्रपटाइतकीच मोलाची वाटते. एक मात्र खरें. कढई राहिली, पण क्रम गेला. सर्व एकाच भांड्यांत कालविल्यामुळें लोखंड व तुरट द्रव्य यांचा काळा रंग बराचसा कढईंतच तयार होतो, आणि केसांस त्याचा लाभ थोडाच मिळतो. वृद्ध स्त्रियांकडून या चालीची माहिती गोळा करणाऱ्यांनीं लोखंडाचें पाणी आधीं व आवळा मागून असा क्रम कोठें उरला आहे काय, हें अवश्य विचारावें.

शाईकडे पाहतां हाच व्यवहार उलट्या बाजूनें दिसतो. पश्चिम हिंदुस्थानांतील पोथ्यांची शाई मुख्यतः काजळाची. तींत डिंक, बोळ व माक्याचा रस घालण्याच्या कृती प्रसिद्ध आहेत. माका येथें आला, त्रिफळा व लोखंडी पात्रहि कांहीं कृतींत आलें. पण पाया काजळाचाच राहिला. याचें कारण कागदाच्या स्वभावांत आहे. लोखंड व तुरट द्रव्य यांची शाई, विशेषतः ती हिराकशीची असेल तर, कागदांत आम्ल सोडते. कालांतरानें अक्षर काळ्याचें तपकिरी होतें, आणि पुढें अक्षराच्या जागीं कागदच खाल्ला जातो. युरोपांतील ग्रंथालयें आज या रोगानें त्रस्त आहेत. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याच्या हातकागदावर काजळाच्या शाईनें लिहिलेलीं अक्षरें शतकें लोटलीं तरी काळीभोर राहतात, याचें रहस्य हेंच. एका वाक्यांत सांगावयाचें तर, काजळ कागदास हितकर व केसांस निरुपयोगी. लोखंड व आवळा केसांस उपयोगी व कागदास घातक. सामग्रीचें साम्य असूनहि दोन विद्या निराळ्या कां राहिल्या, या आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें आहे.

या उत्तराचा व्यावहारिक उपयोग संग्राहकांस होण्यासारखा आहे. बाडांतील कृतींचीं पानें पुष्कळदां मथळ्यावांचून असतात. आरंभींचें पान गेलेलें असतें, आणि उरलेल्या ओळींत लोहचूर्ण, त्रिफळा, माका एवढींच नांवें दिसतात. अशा पानास ‘औषधी कृति’ असें मोघम नांव देऊन तें बाजूस ठेवण्याची रीति पडली आहे. आमच्या मतें तीन खुणा पाहाव्या. कृतींत डिंक किंवा बोळ असून पुष्कळ घोटण्यास सांगितलें असेल, तर ती शाईची समजावी. लेप, पानें गुंडाळणें, प्रहरांची मोजणी आणि शेवटीं स्नान व तेल असेल, तर ती केसांची. प्रहरांची मोजणी नसून नाकांत थेंब घालणें अथवा पोटांत घेणें सांगितलें असेल, तर ती पांढऱ्या केसांवरील औषधाची समजावी. कारण वैद्यकांत केस पांढरे होऊं नयेत म्हणून केलेला उपचार व पांढऱ्या झालेल्या केसांस दिलेला रंग या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नक्कल करतांना मापें व शब्द जसेच्या तसे उतरावे. ‘नीळ’ या शब्दाच्या जागीं ‘निळा रंग’ असा अर्थ बसवूं नये. आणि पानावर डाग असतील तर तेहि नोंदवावे. केसांचा लेप करतांना उघडें ठेविलेलें पान आणि नुसतें नकलून ठेविलेलें पान यांतील भेद डागच सांगतात.

एक इशाराहि देणें भाग आहे. जुनी कृति सांपडली म्हणून ती डोक्यावर करून पाहण्याचा मोह कोणी धरूं नये. कांहीं पानांत बिब्बा येतो. त्याच्या तेलानें धोबी कपड्यांवर न जाणारी खूण करीत, पण तेंच तेल कातडीवर फोड आणतें. कांहींत मुरदाडशिंग येतें, म्हणजे शिसें, आणि तें विष आहे. नव्या मालाविषयींहि सावधगिरी हवी. हॉफमन या जर्मन रसायनज्ञानें पॅराफेनिलीनडायअमीन या द्रव्याचा रंगविण्याचा गुण १८६३ सालीं नोंदविला, आणि १८८३ सालीं फ्रान्समध्यें केसांच्या रंगासाठीं त्याचें पेटंट निघालें. कृत्रिम नीळ १८९७ पासून जर्मनींतून बाजारांत आली व पानांच्या निळीची शेती बसली. ‘काळी मेंदी’ या नांवानें जें कांहीं विकलें जातें, त्यांत पुष्कळदां वरील द्रव्यच असतें, आणि कित्येकांच्या कातडीस तें भयंकर बाधतें. मेंदीचें झाड काळा रंग देत नाहीं, हें ज्यास ठाऊक आहे तो अशा नांवानें फसणार नाहीं. जुन्या कृतींचा अभ्यास हा असा आजच्या व्यवहारासहि उपयोगी पडतो.

असो. जालन्याच्या वसाहतींत जुन्या लोखंडाची नवी सळई होते, हें योग्यच आहे. लोखंडाचा तो धर्म आहे. कढई गेली तर दुसरी घेतां येईल. पानाचें तसें नाहीं. वैद्याच्या घराण्यांतील पुढील पिढी दुसऱ्या उद्योगांत शिरली, घर बदललें, आणि माळ्यावरचें बाड रद्दींत गेलें, म्हणजे त्याबरोबर शंभर दोनशें वर्षांचा अनुभव एका क्षणांत लयास जातो. राजकीय पत्रें व सनदा यांस आतां पुष्कळ त्राते मिळाले आहेत. केसांच्या कृतीस अजून कोणी नाहीं. जालना, भोकरदन, अंबड, परतूर या बाजूंस ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनीं तीं मोघम न ठेवितां त्यांची नीट नक्कल करावी, घरांत चालत आलेली रीति विचारून तीहि पानाखालीं लिहून ठेवावी, आणि यथावकाश प्रसिद्ध करावीं, अशी आमची सर्वांस नम्र विनंति आहे.